शोभेचे लोखंड किलोने विकू नका

भामरागड, एटापल्ली, अहेरी या भागात लोहाराचे काम म्हटले की कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, वखराची पास आणि या सर्वांना धार पाजणे एवढेच डोळ्यांसमोर येते. कारखान्यात तयार झालेली अवजारे बाजारात आल्यापासून तेही काम कमी झाले. दुसरीकडे आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी भंगार, वेल्डिंग, ग्रील, गॅरेज, ट्रकचे पाटे या धंद्यांत आहेत. लोखंड त्यांच्या दारात पडलेले असते. ते किलोच्या भावाने ट्रकमध्ये भरले जाते आणि विषय तिथेच संपतो. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा धंदा आहे आणि त्याविषयी आम्हाला येथे लिहायचे आहे. घराच्या अंगणात छोटी भट्टी लावून शोभेच्या, पण उपयोगीही अशा लोखंडी वस्तू घडविणे हा तो धंदा होय. भिंतीवरचे दिवे, खुंट्या, पडद्याचे दांडे, दाराच्या कड्या, फळीखालचे आधार, खिडकीची जाळी असा हा माल असतो.

आमचे मत सुरुवातीसच सांगून टाकतो. या कामाला भांडवल थोडे लागते, कच्चा माल मुबलक आहे आणि घेणाराही मिळतो. तरीही माणूस यात बुडतो तो बहुधा एकाच कारणाने. ग्रीलच्या सवयीने कारागीर आणि दुकानदार दोघेही घडविलेली वस्तू तराजूत टाकतात. हातोड्याच्या हजार घावांना तराजूत वजन नसते. हिशेब पुढे येईलच.

या मुलखातील लोखंड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लोखंडाची खनिजे आहेत ही गोष्ट नवी नाही. आज सर्वांच्या तोंडी एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे नाव आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाव गाजत होते ते चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याचे. जमशेटजी टाटा यांनी पोलादाच्या कारखान्यासाठी प्रथम याच टापूकडे पाहिले होते. १९०४ साली त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड हे या रानात हिंडले. खनिज चांगले निघाले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे नव्हते. शिवाय जवळच्या वरोऱ्याच्या दगडी कोळशापासून भट्टीला लागणारा कोक बनेना. पुढे नागपुरात दोराबजींच्या नजरेस भूगर्भाचा एक नकाशा पडला, त्यावरून ते दुर्गकडच्या डोंगरांकडे वळले आणि कारखाना अखेर साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, येथे उभा राहिला. कोळशाची ही अडचण वाचकांनी ध्यानात ठेवावी. घरच्या दोन फुटी भट्टीतही तीच पुन्हा भेटते.

सिरोंच्यापाशी गोदावरी लागते. त्याच गोदावरीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत वितळवून तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे आणि त्याची तलवारीची पाती बनत. व्हॉयसी या इंग्रज अभ्यासकाचे या गावावरील टिपण १८३२ साली छापून आले. इस्फहानहून आलेला एक मुसलमान व्यापारी तेथे मुक्काम करून भट्टीच्या कामावर स्वतः देखरेख करीत होता, असे त्यात नमूद आहे. माल घ्यायला हजारो कोस आलेला तो माणूस भट्टीपासून दूर बसून भाव करीत नव्हता. काय घेतो आहोत हे त्याला कळत होते. आपल्याकडच्या दुकानदाराने एक दिवस तरी भट्टीपाशी बसून पाहावे, म्हणजे खुंटीला दीडशे रुपये का मागतात हे त्याला विचारावे लागणार नाही.

भामरागड गाव इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. मध्ये अबुझमाडचे रान आहे आणि त्याच्या पलीकडे जगदलपूर-रायपूर रस्त्यावर कोंडागाव लागते. कोंडागाव आणि आसपासच्या गावांतील लोहारांनी आपल्या विषयाचा सर्वांत चांगला धडा घालून दिला आहे. हे लोहारही पूर्वी कुऱ्हाडी, फाळ आणि विळेच करीत. त्याखेरीज लग्नात द्यायचे लोखंडी दिवे आणि देवस्थानच्या लहान आकृत्या एवढेच त्यांचे शोभेचे काम होते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतील प्रदर्शनांत हे दिवे गेले, मागणी आली आणि दिव्यांबरोबर हरणे, घोडे, वादक, भिंतीवरच्या चौकटी असा माल तयार होऊ लागला. आज बस्तरच्या लोहशिल्पाला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे. म्हणजे त्या नावाने दुसरा कोणी माल विकू शकत नाही. आपल्या वाचकांनीही ते नाव वापरू नये. काम मात्र शिकावे.

त्यांच्या कामाची खूण अशी की वेल्डिंगचा टाका जवळजवळ नसतोच. भंगारातील सळई किंवा पट्टी तापवायची, चपटी करायची, छिन्नीने चिरायची आणि चिरलेले भाग वळवून त्यातूनच शिंगे, पाय किंवा फांद्या काढायच्या. शेवटी वॉर्निशचा पातळ हात द्यायचा. हत्यारे मोजकीच, हातोडे, सांडशी, छिन्नी आणि पोंचा. प्राण्यांच्या किंवा माणसांच्या आकृती घडविणे ज्यांना पटत नाही, त्यांचेही यात काही अडत नाही. पान, वेल, कळी, तारा, जाळी आणि पीळ हे लोखंडाला मुळातच शोभणारे आकार आहेत. शहरी घरांत आणि रिसॉर्टमध्ये तोच माल अधिक खपतो असे आमचे मत आहे.

भट्टी, ऐरण आणि कोळसा

घरची भट्टी म्हणजे स्वयंपाकघराची भट्टी नव्हे. बंद खोलीत कोळसा पेटवून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, कारण त्या विषारी वायूला ना रंग ना वास. तीन बाजू मोकळ्या असलेला पत्र्याचा मांडव, मातीची जमीन, हाताशी पाण्याचे पिंप आणि वाळूची बादली एवढे हवेच. मांडव अर्धवट अंधारा असावा. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो, माणूस फसतो आणि लोखंड जळते.

भट्टीसाठी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम उत्तम. तळाशी भोके पाडलेली जाड चकती, तिच्याखाली दीड-दोन इंची काळ्या लोखंडाची नळी, नळीच्या टोकाला हाताने फिरवायचा पंखा आणि आतून माती व वाळूचा जाड लेप, झाली भट्टी. पांढरा गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र येथे चालत नाही. ब्रेक ड्रम मिळाला नाही तर गावच्या लोहाराची पद्धत आहेच. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात बाजूने घातलेली मातीची नळी आणि कातड्याचा भाता. अनेक लोहार कुटुंबांत भाता बाईच ओढते, आणि भाता नीट ओढणे हे अर्धे काम आहे. वारा जास्त झाला की कोळसा उडतो आणि लोखंडावर पापुद्रा चढतो. कमी झाला तर ताव येत नाही.

ऐरण नवी घेण्याची घाई नको. भंगाराच्या ढिगात जाड लोखंडाचा पंचवीस-तीस किलोचा ठोकळा, ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा किंवा मोठ्या यंत्राचा भाग सहज सापडतो. वरून छोटा हातोडा पडू द्यावा. तो चांगला उसळला तर ठोकळा कामाचा. उभे राहून मूठ खाली सोडल्यावर बोटांच्या सांध्यांशी येईल एवढ्या उंचीच्या ओंडक्यावर तो पक्का बसवावा. पुष्कळ जण रुळाचा तुकडा वापरतात. तो चांगलाच असतो, पण येथे आमची सूचना कडक आहे. रेल्वेच्या लिलावातून आल्याची पावती असल्याशिवाय रुळाला हात लावू नये. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यानुसार असा माल बेकायदा बाळगल्यास पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भंगारवाल्या बंधूंना हे ठाऊक आहे. नव्या कारागिराला नसते.

आता कोळसा. लाकडी कोळसा स्वच्छ जळतो, त्यात गंधक नसल्यासारखेच असते आणि लोखंड खराब होत नाही. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा स्वस्त आणि जवळचा असला तरी त्याचा चांगला कोक होत नाही. धूर फार येतो आणि नाजूक काम बिघडते. टाटांची अडचण ती हीच. तेव्हा लाकडी कोळसाच घ्यावा, पण वाटेल तसा नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात लाकडी कोळसा हा वनोपज धरला आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो. परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा, वाहतुकीचा पास लागतो का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे आणि रात्री कोणी स्वस्तात पोती आणून टाकली तर ती परत पाठवावीत. गॅसची भट्टी करणाऱ्यांसाठी एवढेच की घरगुती सिलिंडर धंद्याला लावणे नियमाबाहेर आहे.

कोणते लोखंड घ्यावे

शोभेच्या कामाला साधे एम.एस. म्हणजे मऊ पोलाद सर्वांत बरे. ते गरम असता मेणासारखे वागते आणि पाण्यात टाकले तरी काचेसारखे होत नाही. ट्रकचा पाटा आणि कॉइल स्प्रिंग यांत कार्बन जास्त असतो. त्यांची छिन्नी आणि पोंचे करावेत, वेलबुट्टी करू नये. बांधकामाची टी.एम.टी. सळई सर्वत्र पडलेली असते आणि स्वस्तही असते, पण तिच्यावरच्या रेघा शेवटपर्यंत दिसत राहतात आणि वस्तू भंगाराची आहे हे गिऱ्हाईकाला लगेच कळते. सरावाला चालेल.

वजनाचा एक सोपा हिशेब पाठ करून ठेवावा. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोमध्ये येते. बारा एम.एम.ची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम, दहाची ६१७ ग्रॅम. दहा एम.एम. चौकोनी सळई ७८५ ग्रॅम भरते.

दोन गोष्टी भट्टीत कधीही घालू नयेत. जस्त चढविलेला पांढरा पाइप किंवा पत्रा ही पहिली. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते, लोखंडाचा ताव त्याच्या वर असतो, आणि निघणाऱ्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. धूर फार झाला तर फुफ्फुसावर जाते. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही तोंडे बंद असलेली कोणतीही नळी किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ते बॉम्बसारखे फुटतात. क्रोमची चकाकी किंवा जुना रंग असलेला माल धातूच्या ब्रशने व पॉलिशपेपरने कोरडा घासत बसू नये. तो वेगळा काढून सरळ भंगारात द्यावा.

अंगात सुती कपडे असावेत, नायलॉन नको. बंद जोडे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. पाटाचा किंवा छिन्नीचा डोक्याकडचा भाग घावांनी फुलासारखा पसरला की तो ग्राइंडरवर काढून टाकावा. त्याची कपची डोळ्यात गेल्यावर चष्म्याची आठवण येऊन उपयोग नसतो.

पानाची खुंटी

पहिली वस्तू म्हणून आम्ही पानाची खुंटी सुचवितो. तीत निमुळते करणे, गळा काढणे, चपटे करणे, भोक पाडणे, पीळ देणे आणि वळविणे ही सहाही मुख्य कामे येतात. सहा कामे आली म्हणजे जवळजवळ सगळे आले.

दहा एम.एम. चौकोनी सळईचा ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. आधी रंग ओळखायला शिकावे. काळपट लाल रंगावर, म्हणजे साडेसहाशे अंशांच्या आसपास, घाव घालून फारसे काही होत नाही, उलट तडे जातात. चेरीच्या लाल रंगावर हलके वळविणे चालते. नारिंगी ते पिवळा, म्हणजे साडेनऊशे ते साडेअकराशे अंश, हा खरा घडविण्याचा ताव. पांढरा होऊन फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळू लागले असे समजावे. तो भाग पुन्हा सुधारत नाही, कापूनच टाकावा लागतो.

टोकाचे चार सेंटिमीटर पिवळे करून चारही बाजूंनी ठोकत बोथट टोक काढावे. टोक आधी चौकोनीच ठेवावे, गोल करण्याची घाई केली तर आतून फाटते. मग टोकापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवरचा भाग ऐरणीच्या कडेवर ठेवून अर्धा घाव ऐरणीवर आणि अर्धा बाहेर असा घालावा. दर दोन घावांनंतर सळई पाव वळसा फिरवावी. येथे पानाचा देठ तयार होतो. देठ ओढून बारीक केला की पुढच्या गाठीला चपटे करून तीन एम.एम. जाडीचे पान करावे. मध्यशीर आणि बाजूच्या शिरा बोथट छिन्नीने नारिंगी रंगावर उठवाव्यात. धारदार छिन्नीने पान चिरते, म्हणून मुद्दाम बोथट.

मागचे टोक चपटे करून स्क्रूसाठी दोन भोके गरमच पाडावीत. एका बाजूने पोंचा ठोकत जावे. खाली कडक लागले की तुकडा उलटावा. तेथे काळा गोल डाग दिसतो. त्यावर पोंचा धरून ऐरणीच्या भोकावर एक घाव घातला की टिकली बाहेर पडते. तीन-चार घावांनंतर पोंचा पाण्यात बुडवावा, नाही तर तो आत अडकून बसतो. ड्रिलनेही भोक पडते, पण गरम पाडलेल्या भोकाभोवती लोखंड फुगते आणि मजबुती राहते. घेणाऱ्याच्या नजरेलाही तो फरक दिसतो.

आता मधला दहा सेंटिमीटरचा भाग सारखा लाल करावा, एक टोक शिकंजात धरावे आणि दुसरे पान्याने एक पूर्ण वळसा फिरवावे. ताव एकसारखा नसेल तर पीळ एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ येतो. नव्या माणसाच्या पहिल्या पाच-दहा खुंट्या अशाच येतात, त्या घरी वापराव्यात. शेवटी टोकाला बाक द्यावा. सराव झालेल्या माणसाला या सर्वाला सुमारे चाळीस मिनिटे लागतात.

वस्तू पूर्ण थंड होऊ देऊन धातूच्या ब्रशने पापुद्रा काढावा. मग पुन्हा हलकी गरम करावी. तेल लावताच धूर यावा, पण पेट घेऊ नये एवढीच. त्यावर उकळलेले जवसाचे तेल आणि मेण यांचा पातळ हात फिरवावा. जवस आपल्या विदर्भाचेच पीक आहे आणि मधाच्या पोळ्याचे मेण या रानात मिळते. मोहाच्या टोळीचे तेल येथे स्वस्त असले तरी ते वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. ज्या चिंध्यांनी जवसाचे तेल पुसले त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. पसरून उन्हात वाळवाव्यात किंवा भट्टीत जाळाव्यात.

दिवा आणि जाळी

दिव्याची वाटी करण्यासाठी तीन एम.एम. पत्र्याची आठ सेंटिमीटरची चकती लाल करून लाकडाच्या ओंडक्यातील खळग्यात गोल डोक्याच्या हातोड्याने कडेकडून मध्याकडे ठोकत न्यावी. दांड्याला ती रिव्हेटने जोडावी. वेल्डिंग करूच नये असे आमचे म्हणणे नाही, पण केले तर गिऱ्हाईकाला सांगावे. घडविलेला माल म्हणून वेल्डिंगचा माल विकणे ही फसवणूक आहे आणि जाणकाराला ती टाक्याच्या जागी दिसतेच.

जाळीचे काम निराळे. त्यात हातोडा कमी आणि आखणी जास्त. तीस सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ फरशीवर खडूने काढावे. त्यात बसणाऱ्या चौकोनाची बाजू सव्वाएकवीस सेंटिमीटर, नेमके सांगायचे तर २१.२ येते. असे दोन चौकोन एकमेकांवर ४५ अंशांत ठेवले की आठ कोनांचा तारा झाला. वीस बाय तीनच्या पट्टीने एक तारा नीट जमला की तोच शेजारी शेजारी मांडून खिडकी भरते. आपल्या जुन्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या दगडी जाळ्या ज्यांनी नीट पाहिल्या आहेत त्यांना नमुन्यांसाठी कोणाकडे जावे लागणार नाही.

हिशेब

लोखंडाचा भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, म्हणून येथे हिशेबापुरते आकडे धरतो. चार पानाच्या खुंट्यांचा संच घेऊ. चारांना लोखंड ९४० ग्रॅम. किलोला ६० रुपये धरले तर ५७ रुपये. कोळसा दोन किलो, ४० रुपये दराने ८० रुपये. तेल, मेण, स्क्रू, ब्रश मिळून ४०. हत्यारांची झीज आणि मांडव यांचे ३०. कारागिराची मजुरी दिवसाला आठ तासांची ६०० धरली तर तासाला ७५ पडतात. चार खुंट्यांना दोन तास चाळीस मिनिटे, म्हणजे २०० रुपये. एकूण ४०७ झाले. त्यावर धंद्याचा वीस टक्के नफा धरला की संचाची किंमत ४९० च्या जवळ जाते.

आता हाच संच ग्रीलच्या दराने, समजा १४० रुपये किलोने, विकला तर १३२ रुपये येतात. यात मजुरीसुद्धा निघत नाही, मग बाकीचे कुठले? आणि विकणारा समजतो की साठचे लोखंड एकशेचाळीसला गेले, दुपटीहून जास्त मिळाले! असा हिशेब करणारे दुकान वर्षभरात बंद पडते आणि दोष धंद्याला दिला जातो. ग्रीलला किलोचा दर शोभतो, कारण तेथे लोखंड जास्त आणि हात कमी. येथे उलटे आहे.

म्हणून प्रत्येक वस्तूला नमुना क्रमांक द्यावा, ती करायला लागलेला वेळ वहीत लिहावा, किंमत नगावर ठरवावी आणि तराजू दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवावा. शहरातला दुकानदार वर स्वतःचा नफा चढवणार हे गृहीत धरावे. त्याला कमी भावाने द्यायचे असेल तर वीस संच एकदम घेण्याच्या आणि अर्धी रक्कम आगाऊ देण्याच्या अटीवरच द्यावे. उधारीवर दिलेला शोभेचा माल परतही नीट येत नाही, गंज चढून येतो. चंद्रपूरला ताडोब्याच्या मोहर्ली भागातील रिसॉर्ट, नागपूरचे घर-सजावटवाले आणि हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प पाहायला बाहेरून येणारी माणसे, असा गिऱ्हाईकांचा क्रम आम्ही लावू. शेवटच्यांना लहान, पिशवीत मावणारी वस्तू लागते.

ज्याच्याकडे लोखंड आहे आणि हुन्नर नाही, त्याने गावच्या लोहाराला मजूर म्हणून ठेवण्यापेक्षा मुदारबाच्या रीतीने भागीदारी करावी. भांडवल एकाचे, काम दुसऱ्याचे, नफा आधी ठरविलेल्या प्रमाणात आणि कारागिराची हयगय नसताना तोटा झाला तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याचा, कारागिराची मेहनत वाया. कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. माडिया किंवा गोंड कारागिराशी व्यवहार असेल तर कागद त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. या भागात व्यापाऱ्यांच्या वह्यांविषयी जुने कडू अनुभव आहेत आणि त्यांना कारणही आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. त्यांत लोहार, कुलूपवाला, हातोडे व अवजारे बनविणारा असे स्वतंत्र गट आहेत. पाच ते सात दिवसांचे मूळ प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. कर्ज पहिल्यांदा एक लाखापर्यंत, नंतर दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांना कर्ज न घेताही प्रशिक्षण आणि हत्यारे यांचा लाभ घेता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. वय १८ पूर्ण हवे, कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते.

एक गोष्ट करू नये. शोभेची म्हणून तलवार, जंबिया, मोठा सुरा यांच्या ऑर्डरी येतात आणि पैसेही बरे मिळतात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गणना शस्त्रात होते. घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना सवलत आहे, भिंतीवर टांगायच्या तलवारीला नाही. पाते बोथट आहे हे पोलीस ठाण्यात सांगत बसण्याची वेळ येऊ देऊ नये, आणि गडचिरोलीत तर मुळीच नाही.

हंगामाचा विचारही करावा. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडला पुराचा वेढा अनेकदा पडला होता. पावसात माल बाहेर जात नाही, कोळसा भिजतो आणि तयार वस्तूंवर आठ दिवसांत गंज येतो. तेव्हा दिवाळी ते होळी हा घडविण्याचा आणि विकण्याचा काळ धरावा. मृगापूर्वी कोळसा पत्र्याच्या पिंपात भरून झाकावा, ऐरण आणि हातोडे यांना तेलाचा हात द्यावा आणि उरलेला माल कागदात गुंडाळून माळ्यावर, चुलीच्या उबेच्या बाजूला ठेवावा. पावसाच्या महिन्यांत खडू घेऊन फरशीवर जाळ्यांचे नमुने आखावेत. त्याला कोळसा लागत नाही.